रसूलन बीबींचे हमीद

दरवर्षी १० सप्टेंबर आला की परमवीर चक्र विजेते अब्दुल हमीद यांचे नाव वर्तमानपत्रांत येते. शाळांत भाषणे होतात. जीप, तिच्यावरची तोफ आणि समोर जळणारे पॅटन रणगाडे हे चित्र मुलांच्याही ओळखीचे झाले आहे. १९८८ साली दूरदर्शनवर चेतन आनंद यांची ‘परमवीर चक्र’ ही मालिका आली, तेव्हा नसीरुद्दीन शाह यांनी केलेले हमीद आपल्यापैकी अनेकांनी घराघरांत एकत्र बसून पाहिले. २००० साली टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीटही काढले. शिपाई म्हणून हमीद आपल्याला पुष्कळ ठाऊक आहेत.

पण हे सदर कुटुंबाचे आहे. म्हणून या महिन्यात आम्ही हमीद यांच्याकडे वेगळ्या बाजूने पाहणार आहोत. एका स्त्रीचा नवरा म्हणून. ती स्त्री म्हणजे रसूलन बीबी. १९६५ साली त्या विधवा झाल्या आणि २ ऑगस्ट २०१९ रोजी गाझीपूर जिल्ह्यातील दुल्लहपूर येथे त्यांचे निधन झाले. मधली जवळजवळ चौपन्न वर्षे त्यांनी एका माणसाची आठवण सांभाळली. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. अल्लाह दोघांचीही मगफिरत करो.

उत्तर प्रदेशातील गाझीपूर जिल्ह्यात धामूपूर नावाचे खेडे आहे. तिथे १ जुलै १९३३ रोजी हमीद यांचा जन्म झाला. वडील मुहम्मद उस्मान शिंपीकाम करीत. आई सकीना बेगम. घरात शेतीवाडीचा डौल नव्हता, सुईदोऱ्यावर घर चालायचे. मुलगाही वडिलांच्या हाताखाली कपडे शिवायला बसू लागला. मात्र त्याचे मन कुस्तीत, लाठीत आणि नेमबाजीत अधिक रमे. कुरआनने पती-पत्नीला एकमेकांच्या पोशाखाची उपमा दिली आहे. शिंप्याच्या घरात आलेल्या सुनेला ही उपमा कोणी वेगळी समजावून सांगायला नको होती. पोशाख माणसाला झाकतो, ऊब देतो, शोभा देतो, आणि अंगाशी त्याच्याइतके जवळ दुसरे काही नसते.

२७ डिसेंबर १९५४ रोजी, एकविसाव्या वर्षी, हमीद सैन्यात भरती झाले. नसीराबादला ग्रेनेडियर्स रेजिमेंटचे प्रशिक्षण झाले आणि ते चौथ्या ग्रेनेडियर्स पलटणीत दाखल झाले. पुढची दहा-अकरा वर्षे आग्रा, अमृतसर, जम्मू-काश्मीर, दिल्ली आणि ईशान्येचा सरहद्दीचा मुलूख अशी फिरण्यात गेली. शिपायाच्या संसाराचे गणित ज्यांच्या घरात शिपाई आहे त्यांना सांगावे लागत नाही. वर्षातून काही आठवड्यांची रजा, बाकी दिवस पोस्टमनची वाट. नवरा घरी असला की ईद आणि नसला की रोजचा दिवस. रसूलन बीबींचे वैवाहिक आयुष्य असेच रजेरजेने मोजलेले होते. त्या रजांमधून एक मुलगी आणि चार मुलगे असा संसार उभा राहिला.

१९६२ च्या चीन युद्धात हमीद यांची पलटण नामका चू नदीच्या परिसरात होती. तिथे आपल्या सैन्याची कशी कोंडी झाली हे सर्वांना माहीत आहे. पलटणीतील वाचलेले जवान डोंगर तुडवत, भूतानमार्गे पायी आसामात मिसामारीला पोहोचले. हमीद त्यांत होते. त्या दिवसांत धामूपूरच्या घरी काय चालले असेल? ना फोन, ना खात्रीची बातमी. नवरा आहे की नाही हे न कळता चूल पेटवायची, मुलांना जेवू घालायचे, सासू-सासऱ्यांना धीर द्यायचा. युद्धावर पुस्तके लिहिली जातात, या वाट पाहण्यावर फारसे कोणी लिहीत नाही. पण पलटणीतील प्रत्येक जवानामागे अशी एक वाट पाहणारी असते, आणि तिची लढाई तहाची सही झाली तरी संपत नाही.

१९६५ साली हमीद रजेवर घरी होते, तेव्हा परत येण्याचा हुकूम आला. त्या निरोपाची एक गोष्ट धामूपूरच्या बाजूला आजही सांगितली जाते. सामान बांधताना वळकटीची दोरी तुटली आणि बिछाना जमिनीवर पसरला. घरच्या बायांच्या काळजात चर्र झाले. रसूलन बीबींनी आज जाऊ नका म्हणून विनवले. हमीद यांनी ते मनावर घेतले नाही, दोरी पुन्हा बांधली आणि ते निघाले.

ही गोष्ट सांगणारे बहुतेकजण ती अपशकुनाची गोष्ट म्हणून सांगतात. आम्हाला ती तशी वाटत नाही. अपशकुन इस्लाममध्ये नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शकुन-अपशकुन मानण्यास स्पष्ट मनाई केली आहे. मृत्यूची वेळ दोरीवर ठरत नाही. हमीद यांनी दोरी बांधली आणि कर्तव्यावर गेले, हे श्रद्धावान माणसाला शोभणारेच होते. पण म्हणून त्यांना अडवणाऱ्या पत्नीला अडाणी ठरवण्याचे कारण नाही. दोरी हे निमित्त होते. युद्ध तोंडावर आले आहे हे तिलाही कळत होते आणि नवऱ्याला थोडा वेळ थांबवायला तिला काहीतरी निमित्त हवे होते. प्रेमाला अशी निमित्ते लागतात. तिने अडवले हे प्रेम होते आणि ते गेले हेही प्रेमाच्या विरुद्ध नव्हते.

पुढचे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो, तरी थोडक्यात सांगू. सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानच्या चिलखती डिव्हिजनने पंजाबात खेमकरणच्या बाजूने मुसंडी मारली. त्यांच्याकडे अमेरिकन बनावटीचे पॅटन रणगाडे होते आणि त्या काळी त्यांचा मोठा दरारा होता. आपल्या चौथ्या माउंटन डिव्हिजनने असल उत्तर या गावाभोवती घोड्याच्या नालासारखी फळी उभारली. कालव्याचे पाणी शेतांत सोडले. जड रणगाडे चिखलात रुतू लागले. डोक्याइतका उंच ऊस उभा होता, त्यात आपल्या तोफा दडल्या. ८ ते १० सप्टेंबर असे तीन दिवस लढाई चालली. पाकिस्तानने तिथे गमावलेल्या रणगाड्यांची संख्या शंभराच्या घरात जाते. गावाच्या नावाचा अर्थ ‘खरे उत्तर’, आणि ते तसेच ठरले. आपल्या मराठी वाचकांना हेही आठवावे की याच लढाईत जुन्या शर्मन रणगाड्यांनिशी लढलेल्या डेक्कन हॉर्स रेजिमेंटचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य यांच्याकडे होते. त्यांना महावीर चक्र मिळाले आणि पुढे ते देशाचे लष्करप्रमुख झाले.

हमीद त्या वेळी कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार होते. म्हणजे रसद, कपडालत्ता, शिधा यांचा हिशोब पाहणारे. पण जीपवर बसवलेली १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ चालवण्यात त्यांचा हात बसलेला होता, म्हणून रणगाडाविरोधी तोफांची जबाबदारी त्यांच्यावर आली. ही तोफ रणगाडा फोडू शकते, पण तिच्यात एक मोठी खोट आहे. गोळा सुटताच मागच्या बाजूने ज्वाळा आणि धुरळा उडतो आणि ती कुठे आहे हे शत्रूला तात्काळ कळते. जीपला चिलखत नसते. म्हणून एक गोळा मारायचा आणि लगेच जागा बदलायची. चीमा गावाजवळच्या उसात हमीद यांनी हेच केले. त्यांनी रणगाडे अगदी जवळ येऊ दिले, नेम धरला, गोळा टाकला आणि जीप हलवली. १० सप्टेंबरच्या सकाळी त्यांनी पुढे येणारा रणगाडा उडवला, जागा बदलून आणखी एक उडवला. तोवर शत्रूने त्यांना हेरले होते. चोहोबाजूंनी मारा सुरू झाला, तरी ते तोफ चालवत राहिले. एक गोळा जीपवर आला आणि ते शहीद झाले. त्यांनी एकूण किती रणगाडे टिपले याबद्दल सात म्हणणारे आहेत, आठ म्हणणारेही आहेत. वय होते बत्तीस.

त्यांची कबर तिथेच, असल उत्तरला आहे. धामूपूरहून ती हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. घरातल्या कबरस्तानात रोज जाऊन फातिहा वाचण्याचे समाधान त्या पत्नीच्या वाट्याला आले नाही.

इथे आम्ही एक साधा हिशोब मांडतो. पती वारल्यावर पत्नीने चार महिने दहा दिवस इद्दत पाळायची, असा कुरआनचा आदेश आहे (अल-बकरा : २३४). १० सप्टेंबर १९६५ पासून चांद्रमासांनी मोजले तर हा काळ जानेवारी १९६६ च्या मध्याला संपतो. त्याच आठवड्यात, ११ जानेवारीच्या पहाटे, ताश्कंदला पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांचे निधन झाले. युद्ध लढवणारा पंतप्रधान गेला आणि आणखी एक पत्नी विधवा झाली. आणि इद्दत पुरी होऊन दहा दिवस होतात न होतात तोच, २६ जानेवारी १९६६ रोजी, दिल्लीत प्रजासत्ताक दिनाच्या समारंभात राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हातून रसूलन बीबींनी आपल्या पतीचे परमवीर चक्र स्वीकारले. खेड्यातली, परक्यांसमोर क्वचित उभी राहिलेली बाई, घरी लहान मुले, आणि समोर सारा देश. इद्दतीचा काळ हा स्त्रीला कोंडण्यासाठी नसतो. दुःख पचवण्यासाठी तिला मिळालेली ती सवड असते. सवड संपली की तिने बाहेर पडायचे असते आणि तिचे जे आहे ते ताठ मानेने घ्यायचे असते. रसूलन बीबींनी तेच केले.

त्यांच्या हातात आलेल्या पदकाचीही एक कथा आहे आणि तिचा धागा महाराष्ट्राशी जोडलेला आहे. कांस्य धातूचे ते छोटे चक्र, त्यावर चार वज्रे आणि मध्ये राजमुद्रा, वर जांभळी फीत. हे पदक घडवले सावित्रीबाई खानोलकर यांनी. त्या जन्माने युरोपियन. त्या भारतात आल्या, मराठी लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी त्यांनी लग्न केले, त्या मराठी शिकल्या, महाराष्ट्रातील संतांवर पुस्तक लिहिले. १९५२ साली विक्रम खानोलकर वारले आणि त्याही विधवा झाल्या. म्हणजे १९६६ मध्ये शिपायाच्या एका विधवेने रेखाटलेले पदक शिपायाच्या दुसऱ्या विधवेच्या हातात आले. एक जन्माने परदेशातली, दुसरी गाझीपूरची. धर्म, भाषा, शिक्षण सारे वेगळे. रिकामी झालेली जागा मात्र दोघींच्या घरात सारखीच होती.

पदक मिळाले, टाळ्या वाजल्या, आणि मग लोक आपापल्या घरी गेले. सगळ्या वीरपत्नींचे असेच होते. त्यानंतरची पन्नासहून अधिक वर्षे ही खरी रसूलन बीबींची कहाणी आहे. त्यांनी मुले वाढवली, नातवंडे पाहिली. आणि नवऱ्याची आठवण घराच्या भिंतीवर टांगून त्या गप्प बसल्या नाहीत. २००८ साली त्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांना भेटल्या आणि हमीद यांच्या स्मारकासाठी, गावातील तरुणांना सैन्यभरतीची सोय व्हावी यासाठी मागण्या मांडल्या. २०१७ साली, वयाची ऐंशी कधीच ओलांडलेली असताना, त्या दिल्लीला जाऊन लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांना भेटल्या. आपण हयात आहोत तोवर लष्करप्रमुखांनी एकदा गावी येऊन हमीद यांना मानवंदना द्यावी, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि १० सप्टेंबर २०१७ रोजी जनरल रावत सपत्नीक धामूपूरला आले. त्यानंतर दोनच वर्षांनी रसूलन बीबी गेल्या.

या मागण्यांत स्वतःसाठी ऐषाराम नव्हता. त्या मागत होत्या ती आठवण टिकावी म्हणून. आम्हाला यात मोठी शिकवण दिसते. आज व्यासपीठावर अब्दुल हमीद यांचे नाव पुष्कळदा पुरावा म्हणून घेतले जाते. मुसलमानांच्या देशप्रेमाचा विषय निघाला की कोणीतरी उठून हमीद यांचे नाव सांगतो. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असेल. पण माणूस असा पुरावा म्हणून वापरला की हळूहळू त्याचा चेहरा पुसट होतो. रसूलन बीबींना त्यांच्या पतीचा पुरावा कोणाला द्यायचा नव्हता. त्यांच्यासाठी ते पलटणीतून रजेवर येणारे, कपडे शिवता येणारे, तुटलेली दोरी पुन्हा बांधून निघालेले त्यांचे हमीद होते. शहिदाचा मान राखायचा तर आधी तो माणूस म्हणून आठवला पाहिजे.

गेलेल्या जोडीदाराची आठवण कशी ठेवावी, याचा सुंदर नमुना प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनात आहे. हजरत खदीजा (रजि.) यांच्या निधनानंतर वर्षानुवर्षे ते त्यांची आठवण काढीत, आणि घरी बकरी कापली की तिचे मांस खदीजांच्या मैत्रिणींकडे पाठवीत. म्हणजे आठवण नुसती मनात ठेवली नाही, तर जी माणसे तिला प्रिय होती त्यांच्याशी नाते राखले. दुसरा नमुना हजरत उम्मे सलमा (रजि.) यांचा. त्यांचे पती अबू सलमा (रजि.) बद्रच्या लढाईत होते. उहुदमध्ये त्यांना जखम झाली, ती भरली, पुन्हा चिघळली आणि त्यातच ते वारले. पदरी मुले होती. संकटात करावयाची दुआ त्यांनी केली खरी, पण मनात येत राहिले की अबू सलमापेक्षा चांगला माणूस कोण असणार! हे त्यांनी लपवले नाही आणि कोणी त्यांना त्यासाठी दोषही दिला नाही. इद्दतीनंतर प्रेषितांशी त्यांचा विवाह झाला आणि हुदैबियाच्या कठीण प्रसंगी त्यांचाच सल्ला उपयोगी पडला. पहिल्या पतीवरचे प्रेम आणि पुढचे आयुष्य यांत इस्लामने भांडण लावलेले नाही. विधवेने पुन्हा निकाह केला तर तो तिचा हक्क आहे, आणि रसूलन बीबींप्रमाणे आठवणीला धरून राहिली तर तेही तिचे स्वातंत्र्य. दोन्हींपैकी कशासाठीही तिला टोमणा मारण्याचा अधिकार कोणाला नाही.

आता थोडे आपल्या घरांकडे वळू. परमवीर चक्र मिळालेली घरे देशात मोजकी आहेत. पण कोकणात, साताऱ्या-कोल्हापूरकडे, मराठवाड्यात, माजी सैनिकांची मुस्लिम घरे पुष्कळ आहेत. ही माणसे लढाईहून परत आली, निवृत्त झाली, म्हातारी झाली आणि आपल्या खाटेवर गेली. त्यांच्यावर धडा निघत नाही. पत्नीच्या हातात राहते एक पत्र्याची पेटी आणि कागदांचा गठ्ठा. अशा घरांसाठी चार कामाच्या गोष्टी सांगणे आम्हाला आवश्यक वाटते.

पहिली गोष्ट नावाची. आपल्याकडे एकाच बाईचे नाव एका कागदावर ‘बी’, दुसऱ्यावर ‘बेगम’, तिसऱ्यावर ‘खातून’ असे असते. निकाहनाम्यात माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे. सैन्याच्या नोंदीत भरतीच्या वेळी साहेबाने ऐकून लिहिलेले आणखी वेगळे. पती हयात असतानाच ही नावे आणि जन्मतारखा जुळवून घ्या. तेव्हा हे काम एका अर्जाचे असते. नंतर तेच काम विधवेला महिनोन्महिने दारोदार फिरवते.

दुसरी गोष्ट कागदांची. डिस्चार्ज बुक, निवृत्तिवेतनाचा आदेश, बँकेचे संयुक्त खाते, दोघांचे एकत्र छायाचित्र हे सर्व एका जागी ठेवा आणि कुठे आहे ते पत्नीला ठाऊक असू द्या. माजी सैनिकाच्या विधवेला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. साधारण निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाच्या ३० टक्क्यांनी मिळते आणि ठराविक काळ ते वाढीव, ५० टक्के दराने असते. युद्धात मृत्यू आल्यास नियम अधिक उदार आहेत. पुनर्विवाहानंतरचे नियम निवृत्तिवेतनाच्या प्रकारानुसार बदलतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन ते समजून घ्यावेत. तिथे जायला लाजू नये, ते कार्यालय याच कामासाठी आहे. दरवर्षी हयातीचा दाखला वेळेवर द्यावा. आता तो घरबसल्या मोबाइलवरही देता येतो.

तिसरी गोष्ट हक्काची, आणि ती आपल्या समाजात फार नाजूक आहे. कुटुंब निवृत्तिवेतन हा मृताचा तर्का नाही. ते त्याच्या मालमत्तेचा भाग होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही १९९१ साली स्पष्ट केले आहे. नियमाने ज्या विधवेला ते मिळते, ते तिचेच. दीर-जाऊ, मुलगे यांनी त्याचे वाटे मागू नयेत. पतीने मागे ठेवलेली बचत, जमीन, घर हा मात्र तर्का आहे आणि त्यातून आधी कफनदफनाचा खर्च आणि कर्ज जाते. न दिलेले महर हेही कर्जच आहे, हे पुष्कळ घरांत सोयीस्करपणे विसरले जाते. मयतीच्या शेजारी उभे राहून नव्या विधवेकडून महर ‘माफ’ करून घेण्याची जी रीत काही ठिकाणी आहे, ती तिच्या दुःखाचा गैरफायदा घेणे आहे. त्यानंतर, कोणाच्या नावे वसीयत असेल तर तीही एकतृतीयांशाच्या मर्यादेत पुरी करून, मूलबाळ असेल तर पत्नीचा आठवा हिस्सा आणि नसेल तर चौथा, हे कुरआनने ठरवून दिले आहे (अन-निसा : १२). कोणी उपकार म्हणून द्यावे असे ते नाही.

चौथी गोष्ट आठवणीची. ज्या घरात माजी सैनिक हयात आहेत, त्या घरातील नातवंडांनी एक वही घ्यावी. अब्बांना, दादांना विचारावे. पहिल्या दिवशी पलटणीत काय जेवलात? थंडीत सर्वांत कठीण चौकी कोणती? रमजानमध्ये रोजे कसे ठेवलेत, सोबतीचे शीख आणि मराठा जवान सहरीला उठवायचे का? कोणता दोस्त परत आला नाही? आणि मग दादींनाही तेवढेच विचारावे. तुम्ही घर कसे चालवलेत? पत्र यायला उशीर झाला की काय करायचात? ते रजेवर आले की पहिल्या दिवशी काय रांधायचात? ही उत्तरे कोणत्याही सरकारी नोंदीत सापडणार नाहीत. वृद्ध माणसाबरोबर ती निघून जातात.

ज्या भगिनींचे पती गेले आहेत, त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की त्यांच्याबद्दल बोला. काही घरांत विधवेने पतीचे नाव काढले की विषय बदलला जातो. तिला रडू येईल म्हणून, किंवा आपल्याला अवघड वाटते म्हणून. रडू आले तर येऊ द्यावे. प्रेषितांचेही डोळे आपल्या लहान मुलाच्या मृत्यूने भरून आले होते. आक्रोश आणि छाती पिटणे मना आहे, अश्रू मना नाहीत. पतीच्या नावे जमेल तो सदका द्या, त्यांच्या दोस्तांची चौकशी करा, त्यांनी लावलेल्या झाडाला पाणी घाला, त्यांच्यासाठी दुआ करा. आणि आसपासच्या लोकांनी तिच्या दारी जाऊन विचारावे, ‘भाभी, भाईसाहेब कसे होते हो?’ मग शांतपणे ऐकावे.

असल उत्तरच्या उसाच्या शेतात काय घडले हे सैन्याने जगाला सांगितले. धामूपूरच्या घरातून निघताना दोरी तुटली होती आणि ती पुन्हा बांधली गेली, हे मात्र पत्नी आणि घरचे आठवत राहिले म्हणून आपल्याला कळले. आपल्या घरातही असे आठवणारे कोणीतरी आहे. त्यांचे ऐकायला वेळ काढा, अल्लाह तौफीक देवो.